सुचवलेले शब्द

प्रिय बिट्टी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. रागावून लिहीत नाहीये. उचललास तरी माझा आवाज कापरा झाला की तू घाईघाईने ठेवून देतेस, आणि मला जे सांगायचंय ते घाईत सांगण्यासारखं नाही.

आधी घरची खबर देते. बाबांच्या खोलीतला तो वरखाली होणारा पलंग परत नेला. दोन माणसं आली, त्याचे भाग सुटे करून जिन्यावरून उतरवले, आणि खोली एकदम केवढी मोठी झाली! फरशीवर चाकांचे काळे डाग राहिलेत. घासून पाहिले, जात नाहीत. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी डबा आणतात आणि मी जेवेपर्यंत समोरून हलत नाहीत. आयुष्यभर बालवाडीत मी दुसऱ्यांच्या पोरांना भरवलं, आता माझी पाळी आलीय. परवा त्या म्हणाल्या, "अजून दोन घास खा, नाहीतर तुमच्या लेकीला कळवीन." मी म्हटलं, कळवा, तुमचा तरी फोन उचलते का बघू.

काल बाबांच्या टेबलाचा खण आवरायला घेतला. तुला माहीतच आहे त्यात काय आहे. खिशात मावणारे ते सगळे संगणक, काही झाकण नसलेले, काही पडदा तडकलेले, आणि पडद्यावर लिहायच्या, रबरबँड लावून ठेवलेल्या त्या टोचायच्या काड्या. आवरायला म्हणून बसले आणि नुसतीच बसून राहिले.

तू जन्मलीस तेव्हा ते त्या फर्निचरच्या दुकानावरच्या कचेरीत कामाला होते. जेमतेम दहा-बारा जणं, सगळी तरणीताठी, आणि सगळ्यांना खात्री की उद्या जगातला प्रत्येक माणूस त्यांनी बनवलेला संगणक खिशात घालून फिरणार. तळहाताएवढं यंत्र, करडा पडदा, दोन पेन्सिल सेलवर महिनाभर चालायचं. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम हे लोक लिहीत होते. ती म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अगं, ती सगळ्या प्रोग्रामना जागा देते, ज्याला त्याला वेळ देते, त्यांची भांडणं सोडवते, आणि सगळं सुरळीत चाललेलं असलं की ती आहे याची कुणाला आठवणसुद्धा राहत नाही." मी म्हटलं, "म्हणजे मी." ते इतके हसले की दुसऱ्या दिवशी सबंध कचेरीला सांगून आले. तुझं नावसुद्धा तिथूनच आलं. बिट म्हणजे संगणकातला सगळ्यात बारका कण; तेवढी लहान, म्हणून बिट्टी. माझ्या आईला ते शेवटपर्यंत आवडलं नाही.

त्या यंत्रात मराठी अक्षरं यावीत म्हणून त्यांनी चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी भरलं होतं. ळ काही केल्या जमेना. कधी चष्मा दिसायचा, कधी कढई. मी अक्षरं शिकवणारी, म्हणून मला दाखवायचे आणि मी लाल पेन्सिलने नापास करायचे. शेवटी जमला, आणि कंपनीने ती अक्षरं यंत्रात घेतलीच नाहीत. मग मोबाईल आले आणि कंपनीही गेली. बाबांनी औषधांच्या गोदामातले संगणक सांभाळायची नोकरी धरली. पुढे तू फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करायला लागलीस तेव्हा त्यांनी गल्लीतल्या न्हाव्यालाही सोडलं नाही, त्यालाही ते काम समजावून सांगितलं. जेवताना मात्र तुमचं भांडण ठरलेलं. तू म्हणायचीस, "बाबा, तो काळ गेला." ते म्हणायचे, "काळ गेला, यंत्र चालू आहे."

दुखणं जिभेपासून सुरू झालं. 'र' नीट येईना, तेव्हा आपण दोघी हसलो होतो. मग शब्द चिकट झाले, मग कप हातातून निसटायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू हलवणाऱ्या नसा एकामागून एक मरत जातील, बुद्धीला मात्र शेवटपर्यंत काही होणार नाही. हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. घरी येताना रिक्षात बाबा बाहेर बघत होते, आणि मला कळत होतं की त्यांना तोच भाग सगळ्यात वाईट वाटलाय.

तू लगेच नवा फोन पाठवलास, लिहिलेलं बोलून दाखवणारा. चांगला होता. पण बाबांचा तळवा काचेला नुसता टेकला तरी भलतंच काहीतरी उघडायचं. त्यातून एके सकाळी फोनने आपणहून नवी आवृत्ती घेतली आणि तो बोलण्याचा प्रोग्राम उघडेनाच. तू तिकडे प्रवासात होतीस. ते दोन दिवस मी तुला कधी नीट सांगितले नाहीत. त्यांना कुठेतरी दुखत होतं आणि कुठे ते मला कळत नव्हतं. पाय? नाही. पोट? नाही. मी शरीराचा एकेक भाग उच्चारत होते आणि ते मनगट टेबलावर आपटत होते. शेवटी त्यांनी मानेने या खणाकडे खुणावलं. मी एक जुना संगणक काढला, सेल घातले, त्यांनी बटण दाबलं, आणि तो असा जागा झाला जणू कुणी आत्ताच खाली ठेवला होता. त्यांनी काडी धरली आणि कोऱ्या पडद्यावर पाटीसारखं गिरगटलं: 'दाढ'.

मग तू सुट्टी काढून आलीस. त्या दिवसांबद्दल मी देवाशीसुद्धा भांडणार नाही. जेवणाच्या टेबलावर तुम्ही दोघं, मध्ये वायरींचा गुंता, आणि त्यांची ती ठिपक्यांची अक्षरं इतक्या वर्षांनी त्या जुन्या यंत्राच्या पडद्यावर. त्यांचं हसणं म्हणजे नुसते खांदे हलायचे, पण हलायचे. शब्द सुचवण्याचा भाग तुझा. त्यांनी 'च' काढला की खाली 'चहा' उभा. जे जास्त वेळा लिहितील ते पुढे येणार. आता आजारी माणसाला आपण दिवसभर काय विचारतो? पाणी देऊ? उशी वर करू? पंखा लावू? आणि तुझे बाबा, जन्माचे भिडस्त, सगळ्याला 'नको'. आठवड्याभरात 'नको' सगळ्यात पुढे येऊन बसला, एकही अक्षर न काढता. तू टाळी वाजवलीस. "बघ आई, हे बाबांना ओळखायला लागलं!"

पुढे हात गेला. उजवा अंगठा तेवढा उरला, तेव्हा तू तिकडून एका बटणाची सोय करून पाठवलीस. पडद्यावरची पट्टी एकेका चौकटीवरून सरकत जायची, हवं तिथे आली की अंगठा दाबायचा. आधी सुचवलेले शब्द, मग अक्षरं. पहिली चौकट 'नको'ची.

आता त्या दिवसाचं लिहिते. इतके महिने आपण दोघींनी त्याला हात लावला नाही.

छातीत संसर्ग झाला होता, श्वास अपुरा पडत होता, म्हणून इस्पितळात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सरळ विचारलं, गळ्याला छेद देऊन श्वासाचं यंत्र लावायचं का? लावलं तर ते परत निघणार नाही, हेही सांगितलं. तू माझ्या फोनमध्ये, उशीला टेकवलेली. बाबांचा अंगठा दाबला गेला. 'नको'. आणि तू ओरडलीस, "थांबा! तो पहिलाच शब्द आहे! अंगठा नुसता उडाला तरी तोच येणार!" बाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा 'नको'. "हे बाबा नाही बोलत, माझा प्रोग्राम बोलतोय," असं तू म्हणत राहिलीस. नर्स नळी बदलायला आली आणि मी फोन ठेवला. तू मिळेल त्या विमानाने निघालीस. तू पोचलीस तोवर सगळं संपलं होतं. घरी आल्यावर तू तो संगणक या खणात पालथा ठेवलास.

पण फोन ठेवल्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही. नर्स गेली. बाबांची नजर पडद्यावर खिळलेली होती. अंगठा हलायला लागला. सुचवलेले शब्द ओलांडून ते अक्षरांपर्यंत गेले आणि एकेक करत त्यांनी लिहिलं, 'सुचवणं बंद'. त्यांनी तुझं बोलणं ऐकलं होतं, बिट्टी. त्यांनाही ते पटलं होतं. तू शिकवलं होतंस तसं मी आत जाऊन ते बंद केलं. दोनदा चुकले. मग शब्दांची ओळ रिकामी झाली आणि नुसती अक्षरं उरली.

पट्टी सगळ्या वर्णमालेवरून फिरायची, त्यातून एक अक्षर, मग काना, मग वेलांटी. मूल अक्षरं जुळवत असताना मध्ये बोलायचं नसतं, हे मी जन्मभर इतरांना सांगत आले. 'भ' आला. मला वाटलं, भूक. जीभ चावून गप्प राहिले. 'भीती वाटते', असं लिहिलं त्यांनी.

मी धावत सुटले. मला वाटलं, त्यांचं मन बदललं. डॉक्टरीणबाई जेवायला बसल्या होत्या, तशाच उठून आल्या. स्टूल ओढून पलंगाशी बसल्या आणि म्हणाल्या, "काका, भीती वाटणारच. मग यंत्र लावू या का? सावकाश सांगा, मला कुठे जायचं नाहीये." 'न' आला. आम्ही दोघी खालच्या रिकाम्या ओळीकडे बघत होतो, तिथे काहीच उमटलं नाही. पट्टी फिरत राहिली. मग अंगठा चुकला आणि 'ख' आला. त्यांनी पट्टी पार शेवटच्या, खोडायच्या चौकटीपर्यंत जाऊ दिली, 'ख' खोडला, पुन्हा पहिल्यापासून वाट बघितली आणि 'क' घेतला. मग काना-मात्रा. 'नको'. त्यापुढे, 'पुरे झालं'. उडालेला अंगठा आपली चूक खोडत नाही गं. बाईंनी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "कळलं, काका." त्या गेल्यावर बाबांनी आणखी एक ओळ लिहिली. तिला बाकीची दुपार गेली. 'बिट्टीला भीतीचं सांगू नको'. मी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

तुला मी 'शांत गेले' असं सांगितलं होतं. धाप कमी करणारं औषध सुरू झाल्यावर श्वास शांत झाला, तेवढं खरं. त्याआधी ते शांत नव्हते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसत होते, आणि माझं बोट त्यांच्या अंगठ्याखाली होतं. जमेल तितकं ते दाबत होते. यंत्राला नको म्हणणं वेगळं आणि मरणाला हो म्हणणं वेगळं, हे मी त्या खोलीत पाहिलं. मला तुला यातलं अर्धंच, भीतीचं वगळून, सांगता आलं असतं. पण तू "अजून काय लिहिलं?" असं विचारलंच असतंस, आणि तुझ्याशी मला खोटं बोलता येत नाही. म्हणून सगळंच गिळलं. तू गप्प आहेस ती दुःखाने, असं समजत राहिले.

काल दुपारी जावयांचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग त्यांना हुंदका आला. तू नोकरी सोडलीस, संगणकाला हात लावत नाहीस, जेवत नाहीस, आणि त्यांना म्हणालीस, "बाबांना मी मारलं. माझ्या यादीतल्या पहिल्या शब्दाने मारलं." ते ऐकून मी तुझ्या बाबांना दिलेलं वचन मोडायचं ठरवलं. ते गेले, आणि तू अजून आहेस. तुझ्यासमोर शूर दिसावं एवढीच त्यांची इच्छा होती, पण त्याची किंमत तू अशी मोजत असशील तर मला ते चालणार नाही, त्यांनाही चाललं नसतं. घाबरलेले होते ते, फार घाबरलेले, आणि तशा अवस्थेत त्यांनी स्वतः ठरवलं, तुझी मदत बाजूला सारून, एकेक अक्षर वेचून. इतके महिने लपवलं म्हणून माझ्यावर हवी तेवढी रागाव, इथे येऊन भांड. पण स्वतःला मारेकरी म्हणणं थांबव. तू तिथे नव्हतीस. मी होते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुझीच,
आई