बाबांचा आवाज

पणजी,
२ ऑगस्ट १९८७

प्रिय चंद्राताई,

गोकुळदासचा नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी बरा आहे. खानावळीतली आमटी अजून तशीच पातळ. गोवा राज्य झाल्यापासून इथे कार्यक्रमच कार्यक्रम. कधी मराठी, कधी कोंकणी, मध्ये एकदा हिंदीही झाला. नव्या कोंकणी नाटकातलं माझं काम लोकांना आवडलं. पेपरात नाव आलं.

तू विचारलंस, पणजीहून आल्यापासून बाबा घराबाहेर तोंड का उघडत नाहीत. दुकानात बोट दाखवून जिन्नस मागतात, सकाळी पोदेर पाव घेऊन आला तरी त्याला हाक मारत नाहीत.

प्रवासाने दमले असतील, असं लिहून मी पाकीट चिकटवलं होतं. पुन्हा फोडलं.

हळर्णच्या देवळात बाबा भजनाला पेटी वाजवायचे आणि मला मांडीवर घेऊन भाता मारायला लावायचे. "सूर गावलो काय सोडू नको," म्हणायचे. त्यांच्यामागून गाता गाता मी जत्रेच्या नाटकात उभा राहिलो. आवाज फुटला, गाणं गेलं, पण कान राहिला. कुणाचंही बोलणं एकदा ऐकलं की माझ्या जिभेवर बसतं. त्याच जोरावर मी तीन भाषांत कामं करतो.

या नाटकात मी आपल्या पेडण्याचा एक म्हातारा होतो. तालमीत दिग्दर्शक म्हणाले, "हो म्हातारो मेल्लो दिसता. तुज्या गांवचो कोणूय हाड."

मी बाबांना आणलं, माझ्या जिभेवर. झटका आल्यानंतरचे बाबा, ताई. वाकडं तोंड, जड जीभ, 'र'चा 'ल'. "पोदेल आयलो ले?" एवढं म्हटलं आणि सगळे पोट धरून हसले. मला ते हसणं आवडलं.

बाबा प्रयोगाला येणार हे मला ठाऊक नव्हतं. शेजारचे बाबलीकाका मला न कळवताच त्यांना घेऊन आले. मी ते वाक्य म्हटलं, हशा उसळला, आणि पुढच्या रांगेत बाबा दिसले. बाबलीकाकासुद्धा हसत होते. बाबांनी स्वतःच्या तोंडावर हात धरला होता.

मी थांबलो नाही. पुढची वाक्यं आणखी ताणून म्हटली.

नंतर ते आत आले. मी रंग पुसत होतो. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "छान केलंस. लोक हासले."

आपल्या घरात कोण 'छान' म्हणतं? आपण 'बरां' म्हणतो. त्यांनी माझ्यासमोर 'र' टाळला, ताई. माझ्यासमोर.

आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात मी पुन्हा तसाच बोललो.

तुझं पत्र आल्यावर मी दिग्दर्शकांना सांगितलं, हा आवाज आता काढणार नाही. त्यांनी भूमिका दुसऱ्याला दिली. तो माझं ऐकून ऐकून शिकला आहे, हुबेहूब बोलतो. काल मी मागे उभा राहून ऐकलं. हशा तेवढाच येतो. बाबांचा आवाज आता माझ्याही हातात राहिला नाही.

हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. शनिवारी मी येतोय. जे झालं ते मीच सांगेन. त्यांनी बोट दाखवून मला बाहेर काढलं, तर तू मध्ये पडू नकोस.

'बाबांचा मुलगा' असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता

तुझा भाऊ,
गोकुळदास