गवताचा आळ

बाई,

ज्या दुपारी मी तुमचं वाळत आलेलं गवत कापलं, त्या दुपारी माझं सगळं फिरलं. कॉलेज आधीच सुटलं होतं. तुमचा हात थरथरायचा म्हणून मी तुमचे लेख टाइप करायला यायचो. बाग डोंगराकडून शिकावी, बी पडेपर्यंत वाळल्या झाडाला हात लावू नये, हे इकडे सगळ्यांत आधी तुम्ही लिहिलंत, आणि गंगापूर रोडच्या त्या बंगल्यांच्या रांगेत एकट्या तुमच्या कुंपणात पवन्या गवत, कुर्डू, तेरडा माजू दिलात. शेजारचे अण्णा सकाळी पेपर घेऊन यायचे नि चिडवायचे, "ताई, या रानातून एक दिवस बिबट्या निघेल." तुम्ही म्हणायचात, "निघाला तरी तुमच्या लॉनवर यायचा नाही. लपायला जागा लागते त्याला." मग चहा व्हायचा.

त्या दिवशी तुम्ही डोळे तपासायला गेला होतात. जिच्या नादात मी कॉलेज सोडलं, तिचा फोन आला. साखरपुडा ठरलाय, आता फोन करू नकोस. मी विळा उचलला. राग कुणावर आणि कापतोय काय! तासाभरात सगळं आडवं. कुर्डूचं बी पिकलंही नव्हतं. तुम्ही फाटकातच थबकलात. "कुणी केलं हे?" माझ्या तोंडून निघालं, "अण्णांनी माणूस पाठवला होता."

तुम्ही ओरडला नाहीत. खुर्ची ओढलीत. "घे लिहून. मथळा, शेजाऱ्याचा विळा." एकेक शब्द मी टाइप केला. छापून आल्यावर इतकी पत्रं दुसऱ्या कुठल्या लेखाला आली नाहीत. अण्णा दोनदा आले, "अहो ताई, मी नाही हो," म्हणाले. तुम्ही पाठ फिरवलीत. पुढचा पावसाळा तुम्ही पाहिला नाहीत.

आता सहा वर्षांनी तुमची मुलगी लेखांचं पुस्तक काढतेय. प्रुफं माझ्याकडे. पहिला लेख तोच. थकलोय बाई. जिच्यासाठी कॉलेज सोडलं, तिचा चेहराही आता नीट आठवत नाही, अण्णांचा आठवतो. काल भाजीबाजारात भेटले, पिशवी सावरत म्हणाले, "ताईंचं पुस्तक येतंय म्हणे. मला एक ठेव रे." मी मान हलवली. घरी येऊन तुमच्या मुलीला फोनवर म्हटलं, तो लेख काढा. "का? आईचा सगळ्यात चांगला लेख आहे तो!" मी फोन ठेवला. तिला सांगेन, पण आधी अण्णांना.

आणि खरं सांगू? लेख चांगलाच आहे. टाइप करताना, खोटं माझं असूनही, मला अभिमान वाटला होता.

हे पत्र टेबलावरच राहू दे. अण्णा आत्ता घरी असतील. उठतो, चपला घालतो, बाहेर पडून दार ओढून घेतो.