दातात धरायची बॅटरी

बाई, परवा बोईसरच्या बाजारात मी एका दुकानदाराला चांगलंच घाबरवलं. आमच्या यांनी जुना टेम्पो घेतलाय, वाणगावच्या मिरच्या मुंबईकडे पोचवतात. तो टेम्पो कुठे कधी रुसून बसेल त्याचा नेम नाही, म्हणून गाडीत ठेवायला एक बारकी, टिकाऊ आणि आपल्याला परवडेल अशी बॅटरी हवी होती. दुकानदाराने दहा-बारा काचेवर मांडल्या. लाल-पिवळ्या प्लॅस्टिकच्या, कंदिलासारख्या दांड्याच्या, एकीला तर मागे रेडिओसुद्धा. मी एकेक उचलून झाकण फिरवलं, आतली स्प्रिंग दाबून बघितली, बटण दहा-दहा वेळा मागेपुढे केलं. त्यातली एक मनात भरली, ती पदराने पुसली आणि दातात धरली. "अरे मावशी, ये क्या कर रही हो?" तो ओरडलाच. मी बॅटरी दातात तशीच ठेवून दोन्ही हात वर करून त्याला दाखवले, की बघ, मोकळे आहेत. त्याला काय कळणार? मला मात्र तिथे, चार गिऱ्हाइकांसमोर, रडू फुटलं. 

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. वाणगावच्या पूर्वेला, डोंगराकडच्या त्या दोन खोल्यांच्या उपकेंद्रात तुम्हाला तेव्हाच वीस वर्षं होत आली होती. पाड्यापाड्यांतली निम्मी पोरं तुमच्या हातावर जन्मलेली. मी नर्सिंगचा कोर्स करून, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून आले, आणि तुम्ही मला पहिलं काम काय सांगितलंत, तर पालघरला जाऊन नवी बॅटरी घेऊन ये. जुन्या बॅटरीचं बटण गेलं होतं. मी मोठ्या हौसेने तीन सेलची, हातभर लांब, चकचकीत बॅटरी आणली. तुम्ही ती चुलीपाशी बसल्या बसल्या हातात घेतलीत, वजन केल्यासारखी वरखाली केलीत आणि म्हणालात, "हिने काय वाघ हाकायचेत?" मग मला उभं केलंत. एका हातात कापूस दिलात, दुसऱ्या हातात नाळ बांधायचा दोरा. "आता बॅटरी धर," म्हणालात. दोन्ही हात तर भरलेले. "बाळंतिणीच्या झोपडीत दिवसाढवळ्याही काळोख असतो. खिडकी नसते. उजेड धरायला तिथे तिसरा हात कुणाचा आणणार आहेस? पुस्तकात हे लिहिलं नव्हतं वाटतं." मी ओठ चावून रडू आवरलं. तुम्ही माझ्यापुढे भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी सरकवलीत आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणालात, "जेव. रविवारी दोघी जाऊ."

तो रविवार मला अजून स्वच्छ दिसतो. पालघर स्टेशनबाहेरचं ते बोळातलं दुकान, गल्ल्यावर बसलेले जाडे शेठ, आणि तुम्ही नाकावर चष्मा चढवून बॅटऱ्या बघताय. मधेच एक तुम्ही मुद्दाम हातातून सोडलीत. फरशीवर ठण्‌कन आवाज झाला, शेठ अर्धे उठले. "पडणार तर आहेच," तुम्ही म्हणालात, "तुमच्या दुकानात पडू दे, नाहीतर माझ्या नदीत पडेल." दुसरी दातात धरलीत. "बाई, ही खायची वस्तू नाही हो," शेठ हात जोडून म्हणाले. "नाही ना? मग दाताने पिचकणार नाही अशी द्या." मी तोंडावर पदर घेऊन हसत होते. शेवटी घेतलीत ती अंगठ्याएवढी जाड, पेन्सिल सेलची, अंगावर चरे पाडलेली, ओल्या हातातून न निसटणारी. झाकणात एक जादा बल्ब बसवलेला होता. परत येताना गाडीत तुम्ही मला समजावत होतात. फार स्वस्त घेऊ नये, ती ऐन वेळी दगा देते. फार महागही घेऊ नये, हरवली तर जीव तिच्यात अडकतो. आणि सगळ्यात उजेडाची तर मुळीच नको, डोळे दिपतात आणि नेमकं बघायचं तेच दिसत नाही.

ती बॅटरी चार वर्षं पुरली. ओढ्यात पडली, शेणात पडली, एकदा एका तान्ह्या पोराच्या मुतात भिजली. श्रावणातल्या एका दुपारी, बाहेर धो धो आणि आत चुलीचा धूर, तुम्ही गुडघ्यांवर बसून दातात बॅटरी धरलीय, आणि कळा देणारी ती पोरगी मधेच थांबून विचारते, "बाई, तुमी तोंडात दिवा धरलाय काय?" तुम्हाला हसू आवरेना आणि दातही उघडता येईनात. नाकातून हसत हसत तुम्ही तिचं बाळ बाहेर काढलंत.

अवघड केस असली की मोठ्या दवाखान्यातून जीप यायची. तिचा ड्रायव्हर सातपाटीचा. बाप-भाऊ सगळे बोटीवर, हा एकटाच समुद्र सोडून स्टिअरिंगवर बसलेला. तुम्हाला ताई म्हणायचा, पंधरवड्याला सुके बोंबील आणायचा, आणि तुम्ही त्याला घरात जे असेल ते वाढायचात. जीप बंद पडली की तो तुमचीच बॅटरी मागायचा, आणि ती दातात धरून बॉनेटखाली अर्धा आत जायचा. "ताई, हिला मोरीचा वास मारतो," म्हणायचा. "तुझ्या तोंडाला बोंबलाचा मारतो, ते तिने कुणाला सांगायचं?" तुम्ही विचारायचात. त्याच्याइतकं मोकळं तुम्ही कुणाशीच बोलत नव्हतात, माझ्याशीही नाही.

पाचव्या वर्षी तुम्ही बॅटरीला नावं ठेवायला लागलात. उजेड मेलाय, म्हणालात. मी सेल बदलले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मी बल्ब बदलला. मग म्हणालात, ही बॅटरीच म्हातारी झाली, दुसरी आण. मी पालघरला गेले, तशीच आणली. ती तुम्हाला पसंत पडली नाही. तिसरी आणली. तुम्ही म्हणालात, "थोडी मोठी आण, जास्त उजेडाची." ज्या बाईने मला हातभर बॅटरीवरून रडवलं होतं, ती आता जास्त उजेडाची मागत होती, आणि मला काही कळलं नाही. शेठ विचारायचे, "काय, तुमच्या बाईंनी हीपण खाल्ली का?" मी हसायचे. घरी आईला सांगायचे की बाई आता फार किरकिऱ्या झाल्यात. असं दीड-दोन वर्षं चाललं, बाई. दीड-दोन वर्षं मी तुम्हाला बॅटऱ्या आणून देत होते. तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतायचात तेव्हा मी फडकं घेऊन पुसायचे. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा तेव्हा म्हणायचे, जरा सावकाश. सुईत दोरा ओवायला माझ्याकडे द्यायचात, तेव्हा वाटायचं, मी शिकावं म्हणून देतात.

मग ती वाणगावच्या बाजूच्या पाड्यावरची बाळंतीण. सकाळचे दहा वाजले असतील. मूल नीट झालं, रडलं, मी त्याला गुंडाळत होते. तुम्ही तिच्यापाशी बसला होतात, दातात ती मोठी बॅटरी मावत नव्हती म्हणून तिच्या सासूच्या हातात दिलेली. उजेड नीट पडला होता. तुम्ही म्हणालात, "पाणी जातंय अजून, जाऊ दे." मी सहज वळून बघितलं. ते पाणी नव्हतं. गोधडी काळी होत चालली होती आणि तुम्ही तिच्याकडे बघत होतात. मी ओरडले. पुढचं सगळं आपण दोघींनी मिळूनच केलं, तुमच्या हातांना डोळ्यांची गरज नव्हती, ते हात मला आजही जमत नाहीत. जीप आली, तिला पालघरला नेलं, ती जगली. जीपमध्ये तुम्ही तिचं पोट दाबून धरलं होतंत आणि पुन्हा पुन्हा म्हणत होतात, "उजेड कमी पडला. उजेड कमी पडला ग." ड्रायव्हरने आरशातून एकदा तुमच्याकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

त्या संध्याकाळी पायरीवर बसून तुम्ही मला सांगितलंत. कडेचं दिसत नाही, समोरचंही धुरकट दिसतं, दोन वर्षं झाली. "निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. तेवढी निभावून ने. तू माझे डोळे हो. मी तुला हात देते." तुम्ही माझा हात धरलात. "कुणाला बोलू नकोस." मी म्हटलं, नाही बोलणार. तुमची शपथ घेतली, बाई, तुमच्या डोक्याला हात लावून.

नऊ दिवसांनी मी मोठ्या दवाखान्यात औषधं आणायला गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगून आले. त्या नऊ दिवसांत रोज ती गोधडी डोळ्यांसमोर यायची. मी त्यांना म्हटलं, माझं नाव सांगू नका. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी नाही सांगितलं. तुम्हाला ठाण्याला डोळे तपासायला पाठवलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं ठाण्याहून कागदावर लिहून आलं आणि डॉक्टरांनी मला वाचून दाखवलं. आणि सहज म्हणाले, "दोनेक वर्षं आधी आल्या असत्या तर बरीच नजर राहिली असती." मी मान हलवली. त्या दोन वर्षांतल्या बॅटऱ्यांची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

तुमचं बाळंतपणाचं काम काढून घेतलं. सहा महिने तुम्ही मोठ्या दवाखान्यात केसपेपर लिहीत बसलात, मग तेही दिसेना तेव्हा राजीनामा देऊन बोईसरला भाचीकडे राहायला आलात. जाताना माझ्या हातात ती पहिली अंगठ्याएवढी बॅटरी ठेवलीत आणि म्हणालात, "हिच्यात काही खोट नव्हती." मग म्हणालात, "ड्रायव्हरने सांगितलं. जीपमध्ये तोच होता. भाऊ मानला होता मी त्याला." मी समोर उभी होते. तोंड उघडायचं होतं तो एवढाच क्षण होता, आणि तो मी जाऊ दिला.

ड्रायव्हर बोंबील घेऊन आला तर तुम्ही भाचीकडून दार लावून घेतलंत. तो तिथून नीट माझ्याकडे आला. "बाय, मी काय बोललो नाय," म्हणाला. मी म्हटलं, "मला ठाऊक आहे." त्याने हळूच विचारलं, "मंग तू?" मी रडायला लागले. मला वाटलं, आता हा ओरडेल, तुमच्याकडे जाऊन सांगेल. त्याने बोंबलांची पिशवी माझ्या पायरीवर ठेवली. "राहू दे," म्हणाला. "माज्यावर रागावली तर तिला तू हायस. तुज्यावर रागावली तर तिला कोण हाय? मला घर हाय, पोरं हाईत. तू जात जा तिच्याकडं. हे तिला नेऊन दे, माजं नाव घेऊ नको."

मी जात राहिले. दर रविवारी, सहा वर्षं. तुम्हाला भोंग्यावरून कंपनीची कुठली पाळी सुटली ते कळायचं, वाऱ्याच्या वासावरून कुठल्या कारखान्याचं धुराडं चालू आहे ते कळायचं. मी नेलेले बोंबील चावताना तुम्ही म्हणायचात, "सातपाटीचा माल दिसतोय. चांगला बघून घेतेस हो तू." माझ्या दंडाला धरून तुम्ही बाजारापर्यंत चालायचात आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचात, "ही माझी पोर. एवढ्या सगळ्यांत हीच एक शब्दाला जागली." मी ते ऐकून घ्यायचे. शेवटच्या आजारातही तुम्ही ड्रायव्हरचं नाव काढू दिलं नाहीत. तुम्हाला नेलं त्या दिवशी तो आला होता. अंगणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, टोपी हातात घेऊन उभा होता. भाचीने त्याला आत बोलावलं नाही. मीही नाही बोलावलं.

डॉक्टरांना सांगितलं त्याचा मला पस्तावा नाही. ती बाळंतीण आज नातवंडांत रमलेली आहे, मधे एकदा वाणगाव स्टेशनवर भेटली होती. पण त्याच्या डोक्यावर तुमचा राग सहा वर्षं ठेवून मी तुमची पोर म्हणून मिरवले, हे मला गिळता येत नाही. तुम्ही मला झोडपून काढलं असतंत तरी पुढच्या रविवारी भाकरी वाढली असतीत, असं आता वाटतं. तेव्हा तेवढा विश्वास मला तुमच्यावर नव्हता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमचा पत्ता कुठे आहे आता? पण खरं सांगायचं तर त्याचा पत्ता आहे, बाई. तो अजून सातपाटीत आहे, पोरांच्या बोटीची जाळी विणत ओट्यावर बसतो म्हणतात. पालघरहून एसटीने अर्ध्या तासाची वाट आहे. तुम्ही गेल्यापासून मी तिथे एकदाही गेले नाही. तुम्हाला लिहायला बसले, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही याची मला खात्री आहे.