व्हर्नाताईचं कॅलिबर ठरेना

सायकमोर गॅप, अर्कान्सा
ता. ५ ऑगस्ट

चि. हार्लन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण गेल्या खेपेला मी काकड्यांच्या लोणच्याबद्दल बोलत होते आणि तू मला तुझ्या गुडघ्याचं सांगत होतास. आयुष्यभर कानात बोळे न घालता ते पंचेचाळीसचं पिस्तूल उडवलंस, त्याची फळं आता बहीण भोगतेय.

बातमी अशी की माझ्याकडे चोरी झाली. तुझ्या मेहुण्याची, लॉइडची, झाडं कापायची पेट्रोलवरची करवत शेडमधून गायब आहे. वादळात पडलेली फांदी कापून घ्यावी म्हणून गेले, तर भिंतीवरचा हूक रिकामा. शेरिफच्या ऑफिसातला माणूस आला, शेडकडे बघून त्याने शीळ घातली, दोन ग्लास गोड चहा प्यायला आणि गेला. इथवर ठीक होतं. पण मी शहाणीने हे डेनिसला सांगितलं. माझी लेक तुला ठाऊकच आहे. लिटल रॉकला राहायला गेल्यापासून तिला आपल्या डोंगरात झुडपाझुडपामागे दरोडेखोर दिसतो. तिने फर्मान काढलंय की आईने एक तर पेलवेल असं पिस्तूल घरात ठेवावं आणि तिच्यासमोर चालवून दाखवावं, नाही तर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत घर विकून तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला यावं. तिथे कोंबड्या चालतात का, हे मी विचारून घेतलं. चालत नाहीत.

लॉइडच्या बंदुका एप्रिलमध्ये, त्याला पुरल्यावर, रीतीप्रमाणे नातवांना वाटून टाकल्या. त्यामुळे मी अगदी निःशस्त्र आहे, असं डेनिस समजते. तर कोणतं कॅलिबर, म्हणजे केवढ्या गोळीचं, घ्यावं ते कळव.

आणखी एक घोडचूक झाली. हाच प्रश्न मी रविवारी चर्चच्या जेवणात, बटाट्याच्या सॅलडच्या रांगेत उभी असताना मोठ्याने विचारला. पाद्री टॅकेटने हातातली प्लेट खाली ठेवली आणि अडतीसचं रिव्हॉल्व्हर सोडून बाईमाणसाने कशाला हात लावू नये म्हणून सांगितलं. चर्चचा कारभार बघणारा डीकन ओडेल स्पार्क्स म्हणाला की असा सल्ला फक्त देवावर भार टाकून झोपणारा माणूसच देईल, खरं काय ते नऊ एमएम. मग सगळेच तुटून पडले. इकडे तळलेली कोंबडी गारढोण झाली. आपल्याकडे माणसाला त्याचं मत कुणाला दिलं ते विचारावं, पण कॅलिबर विचारू नये.

लोभ गुडघ्यापर्यंत तरी शाबूत ठेव.
तुझी ताई,
व्हर्ना

*

राइस प्रेअरी
ता. १४ ऑगस्ट

ती. व्हर्नाताईस,
शि. सा. न. वि. वि.

हा प्रश्न तुला पडलाच कसा, याचं मला नवल वाटतं. पंचेचाळीस. आपल्या वडिलांचं पंचेचाळीस, माझं पंचेचाळीस. त्याची गोळी लागो न लागो, आवाज ऐकून चोर शेजारच्या काउंटीत जाऊन पडेल. नऊ एमएममध्ये गोळ्या जास्त मावतात हे खरं, पण त्या हव्यात कुणाला? ज्याचा नेम चुकतो त्याला. आणि टॅकेटच्या अडतीसबद्दल काय बोलू! त्यात पाच गोळ्या, त्याच्या प्रवचनात पाच मुद्दे, आणि आजवर एकही कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही.

लोक म्हणतात पंचेचाळीसचा धक्का म्हाताऱ्या मनगटाला झेपत नाही. माझ्याकडे बघ. जुलैच्या वादळात अंगणातलं पिकानचं झाड आडवं झालं. सूनबाई म्हणाली, माणूस लावून तोडून घ्या. मी या वयात, या गुडघ्यानिशी, एकट्याने दोन दिवसांत अख्खं झाड कापून लाकडं रचून ठेवली. आपल्या घराण्याचं मनगट आहे हे.

चेष्टा पुरे. ताई, तू ते घर सोडायचं नाहीस. थँक्सगिव्हिंगला आईच्या टेबलाशी बसायचं सोडून मी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने जेवायला येणार नाही. येत्या शनिवारी येतो आणि माझं पंचेचाळीस तुझ्याकडे ठेवून जातो.

वडीलकीचा हात डोक्यावर राहू दे. टपली मारलीस तरी चालेल.
तुझा,
हार्लन

*

सायकमोर गॅप
ता. ९ सप्टेंबर

चि. हार्लन यास,
अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेलास आणि बांध फुटला. तू पिस्तूल ठेवून गेलास हे कळल्यावर ओडेल गप्प बसतो होय! आता दर शनिवारी तळ्यामागच्या मातीच्या दरडीपाशी पिकअपची रांग लागते. जो तो आपापलं घेऊन येतो, मी चालवून बघावं म्हणून. आणि आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे, विधवेच्या टेबलाशी फळं भरून भाजलेला गोड पाय खायला बसायचं तर आधी तिचं काहीतरी काम करावं लागतं. आजवर फाटकाची बिजागरी झाली, पन्हळ साफ झाली, व्हरांड्याची मोडकी पायरी बदलली. कोंबड्यांच्या खुराड्यावर नवा पत्रा आला. तेवढ्यासाठी झाडावरची पीच फळं संपेपर्यंत पाय भाजत राहायला माझी ना नाही.

आता निकाल ऐक. ओडेलच्या नऊ एमएमला धक्का बेताचा आहे, पण गोळी चढवताना त्याचा वरचा भाग मागे ओढायला माझे संधिवाताचे अंगठे तयार नाहीत. ओडेलने नेट लावायला सांगितलं. त्याची बायको मार्व्हेला म्हणाली की आधी व्हर्नाचे अंगठे उसने घ्या आणि मग उपदेश करा. पाद्र्याचं अडतीस तळहाताएवढं, पिसासारखं हलकं. मी हुरळून गेले आणि चाप ओढला तर दातांची कवळी हलली. हलकं तेवढं जास्त उसळतं, हे त्याने आधी सांगितलं नव्हतं. धक्का माणसाच्या मनात असतो असं तो म्हणाला, माझ्या तरी मनगटात होता. आणि तुझं पंचेचाळीस! दरडीवर लावलेली पाय भाजायची ताटली जागची हलली नाही, दरडीचा मात्र निकाल लागला.

ओडेल आणि पाद्री आता एकमेकांशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तर माझ्यामार्फत मागतात. दर शनिवारी निघताना विचारतात, काय ठरलं? मी म्हणते, अजून मन घेत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी डेनिस परीक्षा घ्यायला येतेय. नापास झाले तर या कोंबड्यांचं काय, म्हणून रात्री उठून मी त्या मोजते, हे फक्त तुला सांगते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
व्हर्ना

*

लिटल रॉक
ता. ६ ऑक्टोबर

ती. हार्लनमामांस,
सा. न. वि. वि.

मामा, शनिवारी मी पोचले तर आठ पिकअप उभ्या आणि आई अंगावर एप्रन, कानांवर इअरमफ अशा थाटात. तिने प्रत्येकाचं पिस्तूल चालवलं आणि एकूण एक नेम चुकवला. बाप्ये मंडळी माना हलवत होती. मी मनातल्या मनात आईच्या चिनीमातीच्या बश्या खोक्यात भरायला सुरुवातही केली होती. खरं सांगते, मला रडू येत होतं.

तेवढ्यात कोंबड्यांनी कालवा केला. बघतो तर खुराड्याच्या पायरीशी तांबड्या डोक्याचा विषारी कॉपरहेड. ओडेल कोणतं कॅलिबर सापासाठी बरं ते सांगू लागला, पाद्र्यांनी त्याला हरकत घेतली. आईने सगळ्यांना हत्यारं खाली ठेवून तिच्या मागे उभं राहायला सांगितलं, एप्रनच्या खिशातून एक जुनं बावीसचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि एकाच गोळीत सापाचं डोकं मातीत बसवलं. मग ते खिशात ठेवून विचारलं, पायवर क्रीम कुणाकुणाला हवंय.

म्हणे लग्नाच्या पहिल्या वर्षी बाबांनी ते दिलं होतं आणि तेव्हापासून ते पिठाच्या डब्यामागेच असतं. नातवांनी सगळं घर धुंडाळलं होतं, पण स्वयंपाकघरात कोण बघतो!

मग ओडेल म्हणाला, की बावीस ठीक, पण माणसाला ते अपुरं पडतं. पाद्री म्हणाले, अगदी खरं. महिन्याभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं आणि दोघे घट्ट हात मिळवून उभे राहिले. मग अपुरं असेल तर पुरेसं कोणतं, यावर पुन्हा जुंपली.

मी हरले. आई तिथेच राहील. पण मामा, चोर मोकळाच आहे. तुमच्याकडच्या जुन्या सामानाच्या दुकानांत बाबांची करवत दिसते का बघाल? ओळखायला सोपी आहे, मुठीवर बाबांनी निळ्या रंगाने मासा काढलाय.

आईला ओरडू नका, ओरडलात तरी ती ऐकणार नाही. कृपा असावीच, आईवर जरा जास्त.
आपली भाची,
डेनिस

*

राइस प्रेअरी
ता. ९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डेनिसचं पत्र वाचून गॅरेजमध्ये गेलो होतो. शनिवारी येतो. समक्ष बोलू. पाय केलास तरी चालेल, पण मला खाववेलसं वाटत नाही.

हार्लन

*

सायकमोर गॅप
ता. ११ ऑक्टोबर

चि. हार्लन यास,
अनेक आशीर्वाद.

तोंड पाडून येऊ नकोस. मला ऑगस्टपासून माहीत आहे. पिकान दातांनी कापल्याचं मी कधी ऐकलेलं नाही, आणि तुझ्या घरी करवत कधी नव्हती. तुझं ते पत्र वाचता वाचता मला आठवलं, एप्रिलमध्ये लॉइडला पोचवून आल्यावर मीच तुला म्हटलं होतं, ती करवत ने बाबा, मला हुकावर बघवत नाही. तू विसरलास, मीही विसरले. आता हे डेनिसला कळवायचं? ती म्हणेल आईची आठवण गेली, आणि अशा आठवणीवर कोणतंच कॅलिबर चालत नाही. मला तिसरा मजला मिळेल, आणि तुझी सूनबाई तुझ्यासाठी शेजारची खोली बघून ठेवेल.

ताटल्यांवरचे दोन नेम मी मुद्दाम चुकवले, बाकीचे मनापासून चुकले. बावीस लहान पडतं हे ओडेलचं म्हणणं खोटं नाही. पण मोठं चुकण्यापेक्षा लहान लागलेलं बरं, आणि ते माझ्या हाताला ओळखतं. हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. मग विचारलं कशाला, असं म्हणशील.

हार्लन, लॉइड गेल्यावर आठ दिवस खायच्या डब्यांनी घर भरलं होतं. मग डबेही परत गेले आणि माणसंही. मेमध्ये एका शनिवारी संध्याकाळी ध्यानात आलं की दिवसभरात मी फक्त कोंबड्यांशी बोलले. मला फार एकटं वाटत होतं रे. सॅलडच्या रांगेत तो प्रश्न मी खरंच सहज, कुणाशी तरी बोलायला म्हणून विचारला होता, पण तू पिस्तूल ठेवून गेल्यावरच्या शनिवारी फाटकात पिकअप वाजली तेव्हा ठरवलं की याचं उत्तर इतक्यात द्यायचं नाही. आता पीच संपले, सफरचंद सुरू झालेत. ओडेल एक नवीनच माप घेऊन येणार आहे, पाद्री ते हाणून पाडणार आहे, आणि दोघे मिळून माझी धुराडी साफ करणार आहेत.

तेव्हा शनिवारी ये, पोटभर जेव आणि त्यांच्याशी कचकचून भांड. फक्त रिकाम्या हाताने ये. करवत घरी आली की चोर गेला, चोर गेला की प्रश्न मिटला, आणि प्रश्न मिटला की शनिवार पुन्हा कोंबड्यांचा.

लोभ असू दे. करवतही असू दे.
तुझी ताई,
व्हर्ना