मामांची मान

तीर्थस्वरूप शंकरसिंग मामा,

दिग्रसहून भाचा रूपसिंगचा पायाला हात लावून रामराम. पुण्यात रंजिताकडे तुमच्या गुडघ्यांना आराम पडला असेल. इकडे कापूस वेचणीला आलाय, बबिता बरी आहे, आणि तुमचा भाचा पक्षाचा तालुकाध्यक्ष झालाय. आनंदाची बातमी द्यायलाच बसलो होतो, पण मामा, मला भीती वाटते.

तुम्ही फोनवरूनच राजीनामा दिलात (इतक्या वर्षांची खुर्ची अशी कोणी सोडतं का?), म्हणून निवडणूक लागली. उमेदवार दोनच, मी आणि जिनिंगवाले पुंडलिकराव. मतदान हात वर करून. रीत तुम्हीच लावलेली: कार्यकर्त्यानं आधी तुमच्याकडे बघायचं, तुम्ही मान हलवली की मगच हात उचलायचा. सवय काही राजीनाम्यानं जात नाही. पुंडलिकरावांचं नाव पुकारलं तशी सगळी सभा तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली. हात एकही नाही, त्यांचा स्वतःचासुद्धा नाही. मग माझं नाव आलं. पुन्हा सगळ्या नजरा खुर्चीवर, कोणी खोकेना (आपले लोक, आणि खोकत नाहीत!). आणि एकदम सगळे हात वर गेले, पुंडलिकरावांचाही. गंमत करत असतील म्हणून बाहेर गाठून विचारलं, तर म्हणाले, "सायबानं मान हलवली ना बाप्पा, मंग मी कायले अडून राहू?"

तेव्हापासून मी उभ्यानंच कारभार करतो. खुर्चीत बसायला गेलो की आपले सरचिटणीस धम्मरत्न हळूच म्हणतात, "थांबा जरा, सायेब बसून आहेत." चहा दोन कप येतो. खुर्चीपुढचा कप रिकामा परत जातो, आणि तो मी पीत नाही. बबिताला सांगितलं तर ती म्हणते, अध्यक्षपद मिळालं ना, मग झोपा गुपचूप.

तेव्हा मामा, एकदा या. त्या खुर्चीत बसा आणि सगळ्यांदेखत उठून दाखवा. तुम्ही उठल्याशिवाय मला बसता येणार नाही.

तुमचा भाचा,
रूपसिंग

ता. क. पाकीट बंद करताना रंजिताचा फोन आला. म्हणाली, बापू जेवून गॅलरीत बसले की समोर कोणी नसताना मान हलवतात. आपल्या निवडणुकीच्या दुपारीही हलवत होते.

पुन्हा ता. क. मग येण्याची दगदग करू नका. पुढच्या मंगळवारी दुपारी बैठकीत बबिताच्या जिल्हा परिषदेच्या तिकिटाचा विषय आहे. पोटभर जेवा, गॅलरीत बसा, आणि मान तेवढी उभी हलवा. आडवी नको.