सहा दारांची गाडी

४ मे

आज गाडी कापली. मधोमध, आरपार — डुक्कर कापतात तशी! डॅरल बाजूला उभा होता, तोंडाचा चंबू करून. "बाबा, परत जोडता येईल ना?" सगळा जन्म वेल्डिंग करण्यात गेला माझा, आणि विम्याच्या ऑफिसात खुर्ची उबवणारा माझा मुलगा मला हे विचारतो! म्हटलं, "तुझ्या लग्नापेक्षा पक्की जोडीन." सून, कॉलीन, खिडकीत भांडी घासत होती. तिने ऐकलं असणार. ऐकू दे.

भंगारातून दुसऱ्या तसल्याच पिकअप ट्रकचं धड आणलंय. त्याचा मधला तुकडा ह्यात घुसवायचा. चार दारांची सहा दारं होतील, बसायला तीन रांगा. मागे ट्रेलर, झोपायला. मग उन्हाळाभर हिंडायचं — आधी डोंगर, शेवटी ओरेगनचा समुद्र. अख्खं आयुष्य नेब्रास्कात मक्याची कणसं बघण्यात गेलं. समुद्र बघितलेला नाही. कुणाला सांगितलेलं नाही हे.

९ मे

सांधा बसला. हातोडी मारून बघितली, घंटेसारखा वाजला! शेजारचा लाइल कुंपणावर रेलून म्हणतो, "मर्ल, ही तर मढं न्यायची गाडी दिसतेय." म्हटलं, ये, पहिला तुलाच नेतो.

१२ मे

जेवताना विषय काढला. जागा नऊ. डॅरल, कॉलीन, सात पोरं आणि मी — झाले दहा. कुणीतरी हे बोलायला हवंच होतं. मी बोललो. जूनीला ओमाहाला मावशीकडे ठेवा. आठ वर्षांची पोर, पायांत जीव नाही, कुठेही गेलं की आधी तिची चाकाची खुर्ची उतरवा, मग तिला उतरवा. डोंगरावर जाऊन ती काय करणार? खिडकीतून बघणार. खिडकी ओमाहालाही आहे.

पोरांचे चमचे थांबले. जूनीने विचारलं, "मावशीची खिडकी केवढी आहे, आजोबा?" खवचटपणे विचारलं की साधंच, कळलं नाही. कॉलीनने बटाट्याचं भांडं माझ्यापुढे आदळलं. डॅरल म्हणाला, "बघू, बाबा. आधी काम तर पुरं होऊ दे."

चक्क शहाण्यासारखं बोलला! बहुतेक पटलंय त्याला.

१९ मे

ट्रेलरमधलं टेबल, सोफा, सगळं उपटून फेकलं. दोन्ही बाजूंना एकावर एक तीन-तीन फळ्या ठोकल्या. पोरांना आडवं पाडून मापं घेतली. वेंडेल, अकरा वर्षांचा घोडा, सगळ्यात वरच्या फळीला घाबरतो. रडायला लागला. वर चढवला आणि शिडी काढून घेतली. भीती अशीच जाते. जेवून आलो तर पठ्ठ्याने चड्डी ओली केलेली! भाऊ हसले. मीही हसलो. हसू येण्यासारखंच होतं.

२० मे

कॉलीन बोलत नाही. वाढते मात्र.

२८ मे

आज गंमत. डॅरलने मला न विचारता ट्रेलरच्या दाराजवळ एक बुटकं पलंगासारखं केलंय. त्याला कडेने कठडा. ह्यांनी माझी सोय केलीय तर! म्हटलं, "म्हाताऱ्याला पाळण्यात घालताय काय रे?" तो खाली मान घालून स्क्रू पिळत राहिला. एवढंच नाही, ट्रेलरच्या दाराला पायऱ्यांवरून सोडायला पत्र्याचा उतारही केलाय. मी भडकलो. मी अजून पायऱ्या चढतो!

तेवढ्यात कॉलीन आली. किती दिवसांनी हसली! "असू दे हो, बाबा. पाय घसरतात माणसाचे."

चांगली आहे तशी. आईबापांनी वळण लावलं नाही, तिचा काय दोष.

६ जून

रंग लावून झाला. सगळ्यांना घेऊन धान्याच्या कोठारापर्यंत जाऊन आलो. मी आणि डॅरल पुढे, पोरं मागे. जूनीला घरी ठेवलं. ट्रेलर लावून गाडी लोण्यासारखी चालते. चर्चबाहेर लोक थांबून बघत होते.

डॅरल म्हणाला, "मला रिव्हर्स शिकवा." शिकवलं. "ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर चाक डावीकडे. म्हणजे जे करायचं त्याच्या उलटं कर. तुला तसंही तेच येतं." पोरं खिदळली. त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. दोनदा खांबाला घासली. मी म्हटलं, "तुझी आई बरी चालवायची, आणि तिला तर लायसन्सही नव्हतं." तरी सोडेना. संध्याकाळपर्यंत मागे-पुढे, मागे-पुढे. शेवटी जमलं. एवढं मन लावून शिकताना त्याला कधी बघितलं नव्हतं.

शाब्बास म्हटलं नाही. डोक्यात हवा जाते त्याच्या.

११ जून

गावात जाऊन पोहायची चड्डी आणली. निळी. दुकानातली पोरगी विचारते, "नातवाला का?" म्हटलं, हो.

१४ जून

गेले.

पहाटेच बॅग गाडीत टाकली होती. कॉफी घेऊन बाहेर येतो तर बॅग परत ओट्यावर. वाटलं, पोरांनी चुकून काढली. उचलून गाडीकडे गेलो. मधल्या रांगेतली एक सीट गायब. त्या जागी जूनीची खुर्ची, चारही बाजूंनी पट्ट्यांनी आवळलेली. जूनी तिच्यात बसलेली, नवी टोपी घालून. सरळ समोर बघत होती.

डॅरल स्टीअरिंगवर. काच खाली केली. "नऊच जागा आहेत, बाबा. एकाला राहावं लागणार. तुम्हीच म्हणालात."

मी म्हटलं, "गाडी माझी आहे."

"मग उतरवू का तिला? तुम्हीच सांगा. तिला सांगा."

सगळी थांबली. कॉलीन माझ्याकडे बघत होती — रागाने नाही, वाट बघितल्यासारखी. हातातली बॅग खाली ठेवली. तो दाराजवळचा पलंग कुणाचा, कठडा कुणासाठी, उतार कुणासाठी, तेव्हा उजेड पडला. मढं मीच!

डॅरलने गाडी मागे घेतली. एका झटक्यात, ट्रेलरसकट, फाटकातून सरळ बाहेर. मागच्या रांगेतली काच खाली करून वेंडेल ओरडला, "आजोबा, खिडकीतून बघा!" भाऊ हसले.

हसले म्हणजे काय, त्यांना हसायला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे. ओट्यावर बसून राहिलो. कॉफी तशीच.

१५ जून

कुत्रंसुद्धा नेलं.

२१ जून

लाइल आला. "तू कसा काय मागे?" म्हटलं, कंबर धरलीय, मीच नको म्हटलं. तो हो हो म्हणाला. खोटं आहे हे त्याला कळलं. त्याच्या बायकोने भाजलेला ॲपल पाय ठेवून गेला — गाव कुणी मेल्यावर देतं तसला.

३ जुलै

फोन नाही. मी करणार नाही.

१९ जुलै

सकाळी अंगणात ठोकल्याचा आवाज. टाय लावलेला माणूस खांब पुरतोय, वर पाटी — घर विकणे आहे. म्हटलं, पत्ता चुकलाय तुझा. त्याने फोनवर फोटो दाखवला. माझंच घर! बायको गेल्यावर डॅरलच्या नावावर करून दिलं होतं. कागदांची कटकट नको म्हणून. तो माणूस भलताच अदबीने बोलत होता. "तुमचे चिरंजीव ओरेगनलाच स्थायिक होताहेत ना? तिकडे नोकरी लागलीय त्यांना. तुमची सोय गावातल्या वृद्धाश्रमात केलीय म्हणाले. खोली छान आहे, मी बघितलीय." मग म्हणाला, "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

म्हटलं, माहीत आहे.

उन्हाळ्याची सहल! त्यांचं सगळं बिऱ्हाड हलवायची गाडी मी स्वतः बांधून दिली.

२० जुलै

शेवटी मीच डॅरलला फोन केला. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, एकेक शिवी. उचलला जूनीने. म्हटलं, "मी आजोबा." मागून कॉलीनने विचारलं, "कोण आहे गं?"

"कुणी नाही," जूनी म्हणाली.

पण फोन ठेवला नाही तिने. चाकं फरशीवरून गेल्याचा आवाज आला, मग दार लोटल्याचा. मग हळूच, "बोला."