आजोबांचा कोट

१४ फेब्रुवारी, सकाळ

ती. दादा,

नमस्कार. तुझा खोकला आता कमी असेल. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय, तरी तू रोज फोन करून एकच विचारतोस: कोट झाला का? फोनवर मला धड उत्तर देता येत नाही. तू समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, निवडून आल्यापासून तर नाहीच. म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक. कचेरीचं छत परत गळतंय. पुलापलीकडच्या शाळेला एकदाचे शिक्षक मिळाले. वहिनीला सांग, कुंड्यांना पाणी घालते आहे. गुलाब तेवढा रुसलाय.

तुझा मुलगा परवा मापाला येऊन गेला. आजोबांनी पहिला अर्ज भरला तो हा कोट घालून, मग बाबांनी, मग तू. उमेदवार बदलला की घरातल्या बाईने शिवण उसवायची आणि कोट नव्या अंगाला बसवायचा. आधी आजीने, मग आईने, आता मी. कात्री लावायची नाही, जादा कापड आत दाबून ठेवायचं, हा आईचा दंडक. पुढच्याला लागेल, म्हणायची. पुढचा कोण, हे तिने कधी विचारलं नाही आणि मीही नाही.

पोरगा आरशासमोर उभा राहिला. खरं सांगते, रुबाबदार दिसत होता. टाचण्या लावता लावता मी म्हटलं, "काय रे, पुलापलीकडच्या लोकांचं गाऱ्हाणं काय आहे, माहीत आहे का?"

"ते तू बघतेस ना, आत्या?"

"आणि मी नसले तर?"

त्याने कोटाचं बटण लावलं, परत काढलं. मग म्हणाला, "मला उभंच राहायचं नाहीये गं. पण बाबांना कोण सांगणार?"

तर मी सांगते आहे. त्याच्यावर रागावू नकोस. आपण बाबांना घाबरायचो, तसा तो तुला घाबरतो.

आता माझं. इतकी वर्षं कचेरीतली खुर्ची तुझी आणि डोकेदुखी माझी. पक्षाच्या मागच्या बैठकीत कुणीतरी उमेदवारीसाठी माझं नाव काढलं, तेव्हा तू हसून म्हणालास, "ती घरचीच आहे, ती कुठे जातेय?" ते मला फार लागलं, दादा. उमेदवार घरचाच हवा म्हणून पोराला पुढे करायचं आणि मी घरचीच म्हणून मला मागे ठेवायचं, हे मला काही केल्या पटत नाही.

मीही आजोबांच्याच पुण्याईवर मतं मागणार, हे मला कळतं. त्याची लाजही वाटते. म्हणून काल कोट उसवला, खांदे आणि बाह्या माझ्या मापाच्या केल्या, आणि उरलेलं कापड आत दाबलं नाही. कापून टाकलं. यापुढे आपल्यापैकी ज्याला उभं राहायचं असेल, त्याने आपला कोट शिवून घ्यावा.

सोमवारी अर्ज भरते आहे. पक्षाने नाही म्हटलं तर अपक्ष. सूचक म्हणून तू सही केलीस तर मला फार बरं वाटेल. नाही केलीस तरी मी जाणार आहे.

औषधं चुकवू नकोस.

तुझी,
घरचीच